हिरव्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका

परवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये एका ज्युनियरनं नुकतीच 'लो' केलेली गाडी दाखवली. चाक आणि मडगार्डमध्ये बोट शिरत नव्हतं. "सर, फिटमेंट बघा, एकदम फ्लश!" मी खाली वाकलो आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला. तो हसला. मला हसू आलं नाही. का, ते आज लिहितो.

माझ्याकडे जुनी पोलो आहे. (तिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर नंतर निवांत भांडू.) हौस म्हणून मी तिला ४० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या आणि १७ इंची रुंद चाकं बसवली. पुण्यातल्या एका दुकानात थ्री-डी अलाइनमेंट करून घेतलं. कागद हातात आला : टो हिरवा, कॅम्बर लाल. "कॅम्बर लाल का?" "लो गाडीला असंच येतं हो, तेवढं चालतं." मीही मान डोलावली. दिसायला तर भारी दिसत होती!

सात महिन्यांनी, २०२३ च्या महालक्ष्म्यांना, आई, बायको आणि सहा वर्षांच्या भाचीला घेऊन साखऱ्याला निघालो. साखरा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं आमचं गाव. पुण्याहून साडेचारशेच्या आसपास किलोमीटर. जिंतूर सोडून येलदरीच्या रस्त्याला लागलो तेव्हा स्टिअरिंग थरथरायला लागलं होतं. रस्ता खराब असेल म्हणून मी तसाच हाणत राहिलो.

सकाळी गावातल्या ट्रॅक्टरचे पंक्चर काढणाऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं टायरच्या आतून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. "दादा, बाहेरून टायर नवं हाय, आतून तार वर आलीय. लेकरं घेऊन आलात व्हय ह्याच्यावर?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मग त्यानं गवंड्याकडून दोरी आणि ओळंबा आणवला. ओळंबा चाकाशेजारी सोडला, तर रिमची वरची कड खालच्या कडेपेक्षा २० मिमी आत. ४५० मिमीच्या रिमवर २० मिमी म्हणजे अडीच अंश निगेटिव्ह कॅम्बर. मागच्या चाकापासून दोरी ताणली, तर पुढची दोन्ही चाकं पुढच्या बाजूनं फाकलेली, प्रत्येकी ४ मिमी. कॉम्प्युटर नाही, कॅमेरे नाहीत, कागद नाही. दहा मिनिटांत निदान!

आता हिशोब करू, आपल्याला तेवढं तर येतं. टायरचा व्यास सुमारे ६२० मिमी. त्यात ४ मिमीची तिरपाई म्हणजे गाडी एक किलोमीटर पुढे जाते तेव्हा प्रत्येक चाक साडेसहा मीटर आडवं घासलं जातं. साडेचारशे किलोमीटरला जवळपास ३ किलोमीटर! वर कॅम्बरमुळे सगळा भार आतल्या कडेवर. नुसता कॅम्बर टायर हळूहळू खातो. त्याला टोची जोड मिळाली की खोडरबर होतं.

पण कागदावर तर टो हिरवा होता? होता. त्या दिवशी. नव्या स्प्रिंगा नंतर आणखी बसतात. गाडी खाली आली की टाय-रॉडचा कोन बदलतो, आणि कोन बदलला की टो बदलतो. त्यात सात महिन्यांचे खड्डे. टेस्ट एकदा हिरव्या आल्या म्हणून पुढे कधीच न चालवणाऱ्या ज्युनियरला आपण मीटिंगमध्ये फाडून खातो. आणि स्वतःच्या गाडीचा सात महिने जुना कागद डॅशबोर्डमध्ये जपून ठेवतो.

आता तुम्ही म्हणाल, लो केलेली गाडी वळणावर जास्त चांगली चालते. थोडी केली तर, हो. पण आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. खालचा आर्म आडवा होईपर्यंत ठीक. त्याच्याही खाली गाडी बसवली की आर्म चाकाकडे वर चढतो. मग वळणात हवा तो कॅम्बर मिळेनासा होतो आणि रोल सेंटर गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगानं खाली जातो. म्हणजे जास्त खाली बसवलेली गाडी वळणात उलट जास्त कलायला बघते. ते झाकायला स्प्रिंग आणखी कडक करायची. मग खड्ड्यात चाक उडतं. असो.

फिटमेंटचंही तेच. ६ इंची, ४० ऑफसेटच्या चाकाच्या जागी साडेसात इंची, ३५ ऑफसेटचं लावलं, तर बाहेरची कड २४ मिमी बाहेर येते आणि आतली १४ मिमी आत, स्ट्रटकडे सरकते. ही चौथीची गणितं. किती जण खरेदीआधी करतात? बहुतेक जण फोटो बघतात, आणि मडगार्ड घासायला लागलं की चाक आत कलवतात. फोटोसाठी कॅम्बर!

रस्त्याचं बोलू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेमी उंच असतो. माझ्या गाडीच्या पोटाखाली मुळात साधारण १६५ मिमी. त्यातले ४० गेले, चार माणसं आणि फराळाच्या डब्यांनी आणखी खाल्ले. उरलं काय? आणि गावाकडचा गतिरोधक मानक वाचून बांधलेला नसतो.

कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल. पण दंडाच्या भीतीनं कुणी सुधारत नाही, म्हणून तो मुद्दा लांबवत नाही.

तरीही गाडी खाली करायचीच असेल, तर एवढं तरी करा. आर्म आडवा होईल त्याच्या खाली जाऊ नका. चाकाचं गणित आधी, पैसे नंतर. रबरी बुश गाडी चाकांवर उभी असताना आवळून घ्या. टायरमधली हवा सारखी करून, नेहमीचं वजन ठेवून आधी कॅम्बर लावा, मग टो. कॅम्बर लाल असेल तर दुकानातून हलू नका. कॅम्बर बोल्ट मिळतात, आणि नाहीच जमलं तर स्प्रिंग बदला. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, मग दर सर्व्हिसिंगला. आणि दर महिन्याला टायरच्या आतून हात फिरवा. फुकट आहे.

मी? हिंगोलीहून दोन टायर मागवले, दोरीवर टो लावून घेतला, ताशी साठच्या वर न जाता पुण्याला आलो आणि मूळ स्प्रिंगा परत टाकल्या. भाची म्हणाली, "मामा, गाडी उंच झाली!"

ज्युनियरच्या टायरला आतून दात आले होते. सोमवारी कागद घेऊन ये म्हणालोय. तुमचा कधीचा आहे?