सांधेदुखीवरील वनौषधी पूरके : नियमनातील पळवाटा आणि रुग्णांची सुरक्षितता

जुनाट कंबरदुखी आणि सांधेदुखी हे जगभरातील अपंगत्वाचे एक प्रमुख कारण ठरले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये कंबरदुखीच्या रुग्णांची संख्या ६१ कोटी ९० लाख होती, तर २०१९ मध्ये सुमारे ५२ कोटी ८० लाख लोक अस्थिसंधिवाताने ग्रस्त होते. हे विकार बहुधा पूर्ण बरे होत नाहीत आणि वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेण्याची रुग्णांना धास्ती वाटते. अशा वेळी ‘संपूर्ण नैसर्गिक’ आणि ‘दुष्परिणामरहित’ असा दावा करणारी चूर्णे, काढे आणि कॅप्सूल त्यांना जवळची वाटणे स्वाभाविक आहे. या विषयाची चर्चा अनेकदा आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी अशा वादात अडकते. रुग्णाच्या दृष्टीने मात्र मूळ प्रश्न वेगळा आहे. आपल्या हातातील डबीत नेमके काय आहे आणि त्याची तपासणी कोणी केली आहे, हे त्याला कळते का, हा तो प्रश्न होय.

भारतात आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू आहे. १९६४ च्या दुरुस्तीने त्यासाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले. उत्पादनाचा परवाना राज्य शासनाचे परवाना प्राधिकारी देतात. मात्र या औषधांच्या विक्रीसाठी वेगळ्या परवान्याची आवश्यकता नाही. त्यामुळे ती किराणा दुकानापासून जत्रेतील पालापर्यंत कोठेही विकली जाऊ शकतात. वैद्य आणि हकीम यांनी स्वतःच्या रुग्णांसाठी बनविलेल्या औषधांनाही कायद्याने सूट दिली आहे. ही सूट परंपरागत वैद्यकाच्या सोयीसाठी असली, तरी घटकांची नोंद नसलेल्या पुड्या तिच्याच आडोशाने रुग्णांच्या हाती पडतात.

दुसरी वाट अन्नपदार्थांची आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार आरोग्यपूरके ही अन्न या वर्गात मोडतात आणि त्यांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. परिणामी हळदीचाच अर्क एका डबीत औषध ठरतो, तर दुसऱ्या डबीत अन्न. विकत घेणारा मात्र दोन्ही डब्या गुडघेदुखीसाठीच घेतो.

यातील सर्वांत गंभीर धोका वनस्पतींचा नसून वेष्टनावर न छापलेल्या रसायनांचा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये ‘आर्ट्री किंग’ या नावाने विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या पूरकांबाबत इशारे दिले. प्रयोगशाळेतील तपासणीत त्यांत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आढळले होते. वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. स्टेरॉइडमुळे सूज आणि वेदना झपाट्याने ओसरतात आणि औषधाला गुण आल्याची रुग्णाची खात्री पटते. तथापि दीर्घकाळ सेवन केल्यास रक्तातील साखर वाढते, रोगप्रतिकारशक्ती घटते आणि ज्या हाडांसाठी औषध घेतले तीच ठिसूळ होतात. शरीरातील अधिवृक्क ग्रंथींचे कार्यही मंदावते. अशा वेळी औषध एकाएकी बंद केले, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. छुप्या वेदनाशामकामुळे जठरात रक्तस्राव होण्याचा आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचा संभव असतो.

जड धातूंचा प्रश्नही जुना आहे. अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ उत्पादनांच्या २००८ मधील अभ्यासातही हे प्रमाण सुमारे एक-पंचमांश होते आणि रसौषधींमध्ये ते अधिक होते. भारत सरकारने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची चाचणी सक्तीची केली. परदेशी ग्राहकासाठी घेतलेली ही दक्षता देशातील ग्राहकालाही तितक्याच कसोशीने मिळावी, ही अपेक्षा रास्तच आहे.

शुद्ध वनस्पतीही सर्वांना सर्वकाळ निर्धोक असतेच असे नाही. स्वयंपाकातील चिमूटभर हळद आणि काळ्या मिरीतील पाइपरिन मिसळून शोषण वाढविलेला कर्क्युमिनचा अर्क यांत मोठे अंतर आहे. अशा अर्कांशी संबंधित यकृतविकारांच्या नोंदी इटलीत २०१९ मध्ये झाल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये तसा इशारा दिला. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नसल्याचे म्हटले. मात्र वापरलेली वनस्पती कोणती हेच निश्चित सांगता येत नसेल, तर प्रमाणीकरणाची गरज त्यातून अधिकच अधोरेखित होते.

जाहिरातींच्या बाबतीत संधिवात बरा करण्याचा दावा १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे. डिसेंबर २०१८ मध्ये आणलेल्या नियम १७० नुसार जाहिरातीपूर्वी मंजुरी घेणे आवश्यक झाले होते. केंद्राने १ जुलै २०२४ रोजी तो नियम वगळला, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली काढताना ती उठविली. पूर्वमंजुरीची अट गेल्यामुळे आता सारी भिस्त जाहिरात प्रसिद्ध झाल्यानंतरच्या कारवाईवर आहे. तोवर रुग्णाने औषध घेतलेले असते.

कायदे सुधारेपर्यंत काही खबरदारी रुग्णाच्या हाती आहे. उत्पादनाचा परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि निर्मात्याचा पत्ता नसलेले औषध टाळावे. जुनाट दुखणे दोन-तीन दिवसांत नाहीसे झाले, तर आनंदाबरोबर संशयही घ्यावा. मात्र असे औषध बरेच दिवस घेतले असल्यास ते परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पूरकांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये. दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यांत व्यायाम, भौतिकोपचार आणि रुग्णशिक्षण यांवर भर आहे. हे उपाय संथ आहेत, त्यांना चिकाटी लागते आणि ग्रामीण भागात भौतिकोपचारतज्ज्ञ सहजी मिळत नाही. ही उणीव भरून निघाली नाही, तर वेदनेने त्रासलेला माणूस पुन्हा त्याच निनावी पुडीकडे वळेल. म्हणूनच औषधांच्या काटेकोर तपासणीबरोबर वेदनेवरील सुरक्षित उपचार गावपातळीवर उपलब्ध करून देणे, हे या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.