हवा कमी की ऊब कमी?
अमेरिकेतल्या कडाक्याच्या हिवाळ्यात जुन्या पिकअप ट्रकचा हीटर दगा देतो, तेव्हा बरेच जण थेट हीटर कोअर, म्हणजे गरम कूलंट खेळवणारा छोटा रेडिएटर, बदलायला निघतात. त्यासाठी अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून आधी ठरवावं, हवा कमी येते की ऊब? ब्लोअर जोरात घोंघावतोय, तरी व्हेंटमधून जेमतेम झुळूक येतेय, तर वाट तुंबली आहे. वायपरखालच्या जाळीतून शिरलेला पालापाचोळा एसीच्या एव्हॅपरेटरवर गोधडीसारखा बसतो. तो काढला की काम भागतं. पंखा फक्त शेवटच्या स्पीडवर फिरत असेल, तर बहुधा त्याचा वेग ठरवणारा रेझिस्टर गेलाय. १९९०च्या दशकातल्या फोर्ड एफ-१५० मध्ये हवेच्या झडपा व्हॅक्यूमवर हलतात. नळी चिरली की सगळी हवा काचेकडे वळते. हवा भरपूर पण गार असेल, तर इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा. मग इंजिन तापवून हीटरचे दोन्ही होज जपून चाचपा: एक गरम, दुसरा कोमट, तर मात्र कोअर चोंदल्याचा संशय घ्यावा. हीटर नसला की धुकटलेल्या काचेतून गाडी हाकणं जिवावर बेततं, तेव्हा ही तपासणी बर्फ पडण्याआधीच उरका.