करवंट्या वाजवणारा किल्ला आणि आपला सेल्फी पॉइंट

जुन्या वास्तूकडे लोक यावेत म्हणून काय करायचं, याचं आपल्याकडे सध्या एकच उत्तर आहे. सेल्फी पॉइंट. गावाचं नाव, मध्ये लाल बदाम, खाली एलईडी. आपल्या गढीखाली पण असाच एक होऊ घातलाय. माझा त्याला विरोध आहे. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल, थेट स्कॉटलंडहून. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगजवळ डून नावाचा किल्ला आहे. चौदाव्या शतकाच्या शेवटचा. तिथे तिकीट काढून आत गेलात की तुम्हाला नारळाच्या करवंट्या मिळतात. त्या एकमेकींवर आपटत, घोड्याच्या टापांचा आवाज काढत मोठमोठी माणसं अंगणात दुडक्या चालीनं पळतात. कारण १९७४ मध्ये मॉन्टी पायथॉन नावाच्या सहा विनोदवीरांच्या टोळीनं इथे एका सिनेमाचं शूटिंग केलं. राजा आर्थरची टिंगल करणारा सिनेमा, १९७५ ला आला. घोडे आणायला पैसे नव्हते, म्हणून राजा नुसता पळतो आणि मागे नोकर करवंट्या वाजवतो! ठरवलेले इतर किल्ले ऐनवेळी नाकारले गेले. असला पोरकटपणा वास्तूंच्या इभ्रतीला शोभत नाही, असं कारण. डून तेव्हा खासगी मालकीचा, त्यांनी हो म्हटलं. मग त्या एकाच किल्ल्याला वेगवेगळ्या बाजूंनी दाखवून सिनेमातले बरेचसे किल्ले उभे केले. आज डून स्कॉटलंडच्या सरकारी वारसा संस्थेकडे आहे. आणि ज्या विनोदाला इतर दारं बंद झाली, त्याच्याच करवंट्या आता सरकारी किल्ल्यात मिळतात.

हे आता सुचायचं कारण असं. आपल्या पेठेतल्या एका मित्राचा मुलगा तिकडे शिकतो. तो आणि त्याचे सवंगडी पायथॉनचे भक्त. त्यांनी सुट्टीत आपसात एक खेळ रचला. डूनच्या माहितीफलकावरून आकडे शोधायचे, त्यातून पुढच्या जागेचे अक्षांश-रेखांश काढायचे. पुढची जागा लॉख टे या तळ्याकाठची जुनी तांब्याची खाण. सिनेमातला माणसं मारणारा ससा याच गुहेतला. तिथून पश्चिम किनाऱ्यावर अ‍ॅपिनला, समोर पाण्यात उभा असलेला कॅसल स्टॉकर, जिथे सिनेमा संपतो. पोरं पावसात भिजत गेली, एकदा रस्ता चुकली आणि शेवटी एका दगडी कुंपणाच्या सांदीतून डबा काढला. डब्यात काय? एक वही, एक पेन्सिल आणि दोन करवंट्या. मुलगा फोनवर हे असं सांगत होता, जणू हंडा सापडला.

या प्रकाराला जिओकॅशिंग म्हणतात. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. आधी सामान्य माणसाचं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं, आता ते थेट झाडापर्यंत नेऊ लागलं. लगेच ३ मे रोजी ऑरेगॉन राज्यातल्या डेव्ह अल्मर यांनी जंगलात एक बादली ठेवली आणि तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. आत वही-पेन्सिल आणि किरकोळ वस्तू. नियम एवढाच की काही घ्या, काही ठेवा, वहीत नाव लिहा. आज जगभर असे लाखो डबे आहेत. दोन नियम मला फार आवडले. डबा जमिनीत पुरायचा नाही, कुठेही खणायचं नाही. आणि २००२ पासून एक मोहीमच चालते, की डबा शोधायला जाताना रिकामी पिशवी न्या आणि येताना तिथला कचरा घेऊन या.

आता आपल्याकडे. कोणी उत्साहात म्हणेल, चला, गढीवर डबे लपवू. नको. एकतर आपण बसस्टँडवर रोज ऐकतो की बेवारस वस्तूला हात लावू नका. बुरुजात डबा सापडला तर गाव रिकामं करावं लागेल. दुसरं, गढीत गुप्तधन आहे म्हणून अमावास्येला कुदळी घेऊन जाणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना "लपवलेलं काहीतरी" हे शब्दसुद्धा ऐकवू नयेत. आणि संरक्षित स्मारक असेल तर १९५८ चा कायदा आहेच.

पण या खेळाचा एक बिनडब्याचा प्रकार आहे. तिथे जाऊन, बघूनच उत्तर देता येईल असा प्रश्न द्यायचा. आपल्या गढीला हाच फिट बसतो. बुरुजातल्या जिन्याला पायऱ्या किती? दरवाजाच्या कमानीवर डाव्या हाताला कोणता प्राणी कोरलाय? विहिरीच्या आत कोनाडे किती? अशी दहा प्रश्नांची चिठ्ठी शाळांत वाटा. उत्तरं घेऊन पोरांनी नगर वाचनालयात यायचं, तिथल्या वहीत नाव लिहायचं. खर्च? एक दोनशे पानी वही. टेंडर काढावं लागत नाही, हीच काय ती अडचण.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होणार? सांगतो. आपली गढी कुठल्याच संरक्षित यादीत नाही. तिचे दगड रात्रीतून कोणाच्या तरी पायात जातात, हे सगळ्यांना माहीत आहे, पण नेमके किती गेले ते कोणीच सांगू शकत नाही. कारण कोणी मोजलेच नाहीत. ज्या पोरानं पायऱ्या मोजल्यात, त्याला एक पायरी कमी झाली की कळणार. सेल्फी काढणारा गढीकडे पाठ करून उभा राहतो. प्रश्न सोडवणारा गढीकडे तोंड करून उभा राहतो. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

राहता राहिला हसण्याचा प्रश्न. इतिहासाच्या जागी खेळ आणि विनोद कशाला, असं काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील. महाराजांच्या गडांचा विषय वेगळा, तिथली मर्यादा आपण सगळेच पाळतो. पण आपल्या वगातला राजा आणि कोतवाल यांच्यावर हसतच आपले आजोबा-पणजोबा मोठे झाले ना? "विच्छा माझी पुरी करा" बघून कोणाची राजनिष्ठा ढळली नाही. आणि त्या पायथॉनच्या टोळीतले टेरी जोन्स हे मध्ययुगीन इतिहासाचे पक्के अभ्यासक होते, त्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली. डूनच्या ध्वनिमार्गदर्शकात आवाजही त्यांचाच. ते २०२० मध्ये गेले, आवाज किल्ल्यात आहे. टिंगल करणाऱ्याला त्या काळाची माहिती बहुतेक गंभीर लोकांपेक्षा जास्त होती.

नगरसेवक मंडळींना हात जोडून विनंती, बदामाचे पैसे पडझड झालेल्या बुरुजाला टेकू द्यायला वापरा. प्रश्नांची चिठ्ठी मी फुकट करून देतो. शाळांतल्या सरांनी, मॅडमनी आणि वाचनालयाच्या काकांनी फक्त होकार कळवावा.

आणि तुमच्यापैकी कोणी लहानपणी तो बुरुजातला जिना मोजला असेल, तर आकडा खाली लिहा. तुमच्या वेळेला किती होत्या, ते कळू दे. आज मोजलेला आकडा मी सगळ्यांची उत्तरं आल्यावर सांगतो.