विश्लेषण : व्हॅन लांब झाली, पण ती लांबी कुणाच्या वाट्याला?

अष्टविनायकाची यात्रा, लग्नाचे वऱ्हाड, गणपतीला कोकणात निघालेले कुटुंब किंवा आयटी कंपनीची रात्रपाळी. पंधरा-वीस माणसांना एकत्र जायचे असेल की महाराष्ट्रात एकच वाक्य ऐकू येते, ‘एक ट्रॅव्हलर सांगा.’ गेल्या काही वर्षांत या गटात अधिक लांब व्हीलबेसच्या डिझेल व्हॅन आल्या आहेत. जाहिरातीत त्यांची लांबी म्हणजे ऐसपैस जागा. रस्त्यावर मात्र ही लांबी प्रवाशांच्या आरामासाठी वापरायची की जास्त आसने बसवण्यासाठी, हे गाडीमालक आणि गिऱ्हाईक ठरवतात. प्रवाशांची सुरक्षितता बरीचशी याच निर्णयावर अवलंबून असते.

ही व्हॅन आली कुठून?

‘टेम्पो’ हे मुळात एका जर्मन कंपनीच्या वाहनांचे नाव. तिच्या सहकार्याने 1958 मध्ये फिरोदियांची बजाज टेम्पो उभी राहिली आणि तीनचाकी मालवाहू गाडीमुळे हा शब्द मराठीत कायमचा रुळला. 1987 मध्ये कंपनीने टेम्पो ट्रॅव्हलर आणली. तिचा आराखडा मर्सिडीझ-बेंझच्या टी-1 या युरोपातील व्हॅनवर आधारलेला होता. 2005 मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, पण लोकांच्या तोंडी आजही ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च आहे. 2022 च्या अखेरीस याच कंपनीची अर्बानिया ही नव्या आराखड्याची व्हॅन आली. ती 3350, 3615 आणि 4400 मिलिमीटर अशा तीन व्हीलबेसमध्ये मिळते.

व्हीलबेस म्हणजे नेमके काय?

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे व्हीलबेस. गाडीची एकूण लांबी वेगळी. जुन्या घडणीच्या ट्रॅव्हलरचा 4020 मिमी व्हीलबेसचा प्रकार 26 आसनांपर्यंत मिळतो. अर्बानियाच्या सर्वांत लांब प्रकाराचा व्हीलबेस त्याहून जास्त, 4400 मिमी आहे. त्यात मात्र 17 प्रवासी आणि चालक बसतात. दोन्ही गाड्या साधारण सात मीटर लांबीच्या. म्हणजे एकीत लांबी आसनांसाठी वापरली आहे, तर दुसरीत प्रवाशांना हातपाय पसरायला. गाडी भाड्याने घेणारा मात्र बहुतेक वेळा ‘किती सीटर?’ एवढेच विचारतो.

लांब व्हीलबेसचा फायदा काय?

पहिला फायदा खड्ड्यात कळतो. पुढचे चाक 10 सेंटिमीटर खोल खड्ड्यात गेले, तर 3350 मिमी व्हीलबेसची गाडी साधारण 1.7 अंशांनी पुढे झुकेल; 4400 मिमीची 1.3 अंशांनी. (सस्पेन्शनचे काम यात धरलेले नाही.) फरक लहान वाटतो, पण पुण्याहून कोल्हापूरला जाईपर्यंत तो कंबरेला जाणवतो. सर्वांत चांगली जागा दोन्ही चाकांच्या मधली. मागच्या चाकाच्याही मागे असलेली शेवटची रांग झोपाळ्याच्या टोकासारखी असते. मागचे चाक जेवढे उसळते, त्याहून जास्त तिथला प्रवासी उसळतो. आपल्याकडे ही रांग बहुधा तरुण मुलांना दिली जाते, त्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे.

दुसरा फायदा ब्रेक दाबताना. करकचून ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी पडतात. वजन, वजनाची उंची आणि ब्रेकचा जोर सारखाच धरला, तर 4400 मिमी व्हीलबेसमध्ये पुढे सरकणारा भार 3350 मिमीच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने कमी असतो. त्यामुळे मागची चाके रस्ता धरून राहतात. अर्बानियात चारही चाकांना डिस्क ब्रेक, चाके लॉक होऊ न देणारी एबीएस आणि घसरती गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा आहे. जुन्या घडणीच्या व्हॅनपेक्षा हा मोठा पल्ला आहे, हे मान्य करायलाच हवे.

मग तोटा कुठे आहे?

वळणावर. मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गावरून जात नाहीत, ती वळण आतून कापतात. समजा पुढची चाके 8 मीटर त्रिज्येच्या वळणावरून जात आहेत. 3350 मिमी व्हीलबेसच्या गाडीची मागची चाके सुमारे 73 सेंटिमीटर आत सरकतील. 4400 मिमीच्या गाडीची तब्बल 1.32 मीटर. रस्त्याकडेला उभा दुचाकीस्वार, घाटातला कठडा किंवा गल्लीच्या तोंडावरची पायरी या जादाच्या साठ सेंटिमीटरमध्ये सापडते. मोटारीवरून थेट या व्हॅनवर आलेल्या चालकाला हे अंतर आरशात पाहून मोजण्याची सवय नसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. लांब व्हीलबेस गाडीला उलटण्यापासून वाचवत नाही. वळणावर गाडी कलंडेल की नाही, हे डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर आणि वजनाची उंची यांवर ठरते. व्हॅन लांब झाली तरी रुंदी जवळपास तीच राहते. अशा गाडीच्या टपावर कॅरिअर लावून दोनशे किलो सामान बांधले की काय होते? समजा चार टनांच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर आहे आणि सामान 2.7 मीटर उंचीवर. गुरुत्वमध्य आठ सेंटिमीटरने वर जातो. वीसपट वजनाच्या गाडीला वीसातला एक हिस्सा सामान एवढे वर उचलते. टपावरच्या बॅगा मोजताना हे कुणी मोजत नाही.

डिझेलच का, आणि इंजिन पुरते का?

अर्बानियात 2596 सीसीचे चार सिलिंडरचे, टर्बो बसवलेले कॉमन रेल डिझेल इंजिन आहे. ताकद 115 अश्वशक्ती आणि टॉर्क 350 न्यूटन-मीटर. हा टॉर्क 1400 ते 2200 फेऱ्यांच्या टप्प्यात मिळतो, म्हणजे इंजिन न किंचाळता चढ चढते. पाच गिअरची पेटी असून जोर मागच्या चाकांना जातो. भरल्यावर चार टनांपुढे जाणाऱ्या गाडीला एवढी ताकद वेगासाठी नव्हे, तर ओढण्यासाठी दिलेली आहे. सतरा माणसे प्रत्येकी 70 किलोची आणि प्रत्येकाची 10 किलोची बॅग धरली, तरी 1360 किलो होतात. त्यामुळे घाटात ओव्हरटेक करायला लागणारी मोकळी जागा मोटारीच्या अंदाजाने धरून चालत नाही.

डिझेलचा दुसरा प्रश्न प्रदूषण नियंत्रणाचा. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 मानकांमुळे डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी आली. साठलेली काजळी जाळायला तिला मोठ्या तापमानाची, म्हणजे सलग चालण्याची गरज असते. दिवसभर पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या, मध्ये तासभर चालू इंजिनावर एसी असे काम करणाऱ्या व्हॅनची जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दुर्लक्षित राहिला की गाडीची ओढ कमी होते. महामार्गावर धावणाऱ्या व्हॅनला हा त्रास कमी. शहरात कर्मचारी किंवा शाळेची मुले ने-आण करायची असतील, तर डिझेलच योग्य का, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारायला हवा.

घाट उतरताना खरी परीक्षा का?

चार टनांची गाडी खंडाळ्याहून खोपोलीच्या बाजूला सुमारे 500 मीटर खाली उतरते, तेव्हा जवळपास 20 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. अर्धा लिटरहून थोडे जास्त डिझेल जाळल्यावर मिळते एवढी ही उष्णता. चालकाने सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर तिचा मोठा भाग डिस्क आणि पॅडमध्ये जातो. ते तापले की पॅडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. उपाय जुनाच आहे, ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. पण डिझेल वाचवण्याच्या भ्रमात न्यूट्रलमध्ये उतरणारे चालक आजही भेटतात. आधुनिक कॉमन रेल इंजिनात गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठाच बंद होतो. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत होत नाही, उलट धोका वाढतो.

दार किती जणांसाठी?

लांब व्हॅनमध्ये शेवटच्या रांगेपासून बाजूचे दार लांब पडते. म्हणून मागचे आपत्कालीन दार हा गाडीतला सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत मोलाचा भाग. मार्च 2025 मध्ये हिंजवडीत कर्मचाऱ्यांना घेऊन जाणारी मिनीबस पेटली आणि चौघांचा मृत्यू झाला. आग चालकानेच लावल्याचे पोलिसांनी नंतर सांगितले, त्यामुळे तो वाहनाच्या तंत्राचा दोष नव्हता. पण मागे बसलेल्यांना मागचे दार वेळेत उघडता आले नाही, हा धडा प्रत्येक व्हॅनला लागू पडतो. दारासमोर जादा आसन, बॅगांचा ढीग किंवा खटका झाकणारे सजावटीचे कापड असेल, तर ते दार कागदावरच राहते.

परवान्याचे काय?

मोटार वाहन कायद्यात 7500 किलोपर्यंतच्या एकूण वजनाची वाहने ‘हलकी’ गणली जातात. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकाला याच वजनमर्यादेतील व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. त्यामुळे असंख्य चालकांच्या रोजगारावरचे आणि अपघातग्रस्तांच्या विमा दाव्यांवरचे सावट दूर झाले. अशा चालकांमुळे अपघात वाढल्याची ठोस आकडेवारी समोर आली नाही, हेही न्यायालयाने नोंदवले. निकाल कायद्याला धरून आहे. पण त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की हॅचबॅकवर चाचणी दिलेला माणूस दुसऱ्या दिवशी सात मीटर लांबीच्या व्हॅनमध्ये सतरा जणांना बसवून घाटात नेऊ शकतो. कायदा त्याला अडवत नाही. म्हणून त्याला तयार करण्याची जबाबदारी मालकावर येते.

मग करायचे काय?

अशा व्हॅनची पहिली नोंदणी करतानाच चालकाला दोन दिवसांचे प्रशिक्षण बंधनकारक करणे परिवहन विभागाला अशक्य नाही. त्यात वळणावर आत सरकणारी मागची चाके, घाटातले गिअर, आरसे आणि आपत्कालीन दार एवढे शिकवले तरी पुरे. कंपन्यांनी गाडी देताना मालकाच्या हाती चावी आणि पेढे देण्याबरोबर चालकाला एक तास गाडीत बसवावे. कर्मचाऱ्यांची वाहतूक कंत्राटावर देणाऱ्या आस्थापनांनी दर ठरवताना चालकाची झोपही मोजावी.

आणि भाड्याने घेणाऱ्यांनी? ‘किती सीटर’ आणि ‘किलोमीटरला किती’ यांच्यापुढे आणखी चार प्रश्न विचारावेत. नोंदणीपत्रावर आसने किती आहेत आणि प्रत्यक्षात किती बसवली आहेत? मागचे दार आमच्यासमोर उघडून दाखवता का? पट्टे आहेत की सीट कव्हरखाली दाबले गेले आहेत? चालक काल रात्री कुठे होता? उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरी गाडी पाहावी. टपावरचे सामान उतरवून दोन आसने रिकामी ठेवली, तर माणशी भाडे थोडे वाढेल. 4400 मिलिमीटरच्या व्हीलबेसने दिलेली स्थिरता मात्र तेव्हाच आतल्या माणसांच्या वाट्याला येईल.