यात्रा विकणारे आणि यात्रा करणारे

माघ सरत आला की इंदूरच्या आमच्या मराठी घरांतून यात्रेच्या गोष्टी निघू लागतात. थंडी ओसरलेली असते, नातवंडांच्या परीक्षांच्या तारखा लागलेल्या असतात, आणि नोकरीच्या जोखडातून नुकत्याच सुटलेल्या मंडळींना बदरी-केदारची ओढ अस्वस्थ करू लागते. ही ओढ आपल्याकडे जुनी आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी बदरी-केदारच्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, ही गोष्ट आपण लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो आहोत. यात्रेकरू घरून निघतो तो श्रद्धेच्या बळावर. परंतु वाटेत त्याला निवारा, अन्न आणि खरी माहिती लागते, हे त्या राज्यकर्तीने ओळखले होते.

माहितीचा हा प्रश्न आजचा नव्हे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात मोठी दक्षिणा वाटली जाणार आहे, या वार्तेवर. यज्ञाची वार्ता कानी आली होती. वाटेत काय वाढून ठेवले आहे, ते मात्र कोणी सांगितले नव्हते, आणि भटजी थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला. तो आजही वाचावा असा आहे, आणि यात्रेला निघणाऱ्याने तर अवश्य वाचावा.

पूर्वी यात्रेकरूचा आधार म्हणजे तीर्थोपाध्याय. हरिद्वारच्या त्यांच्या वह्यांतून आपल्या आजा-पणजांच्या सह्या आजही सापडतात. दक्षिणेसाठी तोही अडून बसे, नाही असे नाही. पण आज आलेल्या यजमानाचा नातू उद्या आपल्याच ओसरीवर येणार, हे तो जाणून असे. त्या वहीचा त्यालाही धाक होता. आजच्या यात्रा-एजंटाजवळ अशी वही नसते. त्याच्याजवळ असते ते रंगीत पत्रक आणि गोड वाणी. म्हणून त्याचे आणि आपले नाते कागदावर नीट उतरवून घेणे, हे काम आता यात्रेकरूच्या वाट्याला आले आहे.

हे सारे सांगण्याचे निमित्त असे. आमचे एक स्नेही, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, पौषात एक पत्रक घेऊन आमच्याकडे आले. वय अडुसष्ट, वहिनींचे चौसष्ट. दोघांचा आजवरचा प्रवास म्हणजे पंढरपूर, नाशिक आणि लग्नकार्यासाठी पुणे. उभ्या आयुष्यात त्यांनी एजंटामार्फत तिकीट काढले नव्हते. “अहो, जरा हे पाहता का? मला यातले काही उमजत नाही, आणि मुलाला विचारावे तर तो म्हणतो, बाबा, जाऊच नका,” असे म्हणून त्यांनी पत्रक पुढे केले.

आठ दिवसांत चार धाम, त्यांत तुंगनाथ, औली आणि मसुरी, केदारनाथच्या कपाटोद्घाटनाचे ‘खात्रीचे’ दर्शन, हेलिकॉप्टर, विशेष पूजा, प्राणवायूच्या नळ्या. मूळ सहल दोघांची ७८,००० रुपयांची. हेलिकॉप्टरचे ३४,०००, विशेष पूजेचे २२,०००, जोडस्थळांचे २६,००० आणि ‘आरोग्य-संचा’चे ८,०००, असे मिळून १,६८,००० रुपये. निम्मी रक्कम पंधरा दिवसांत भरावयाची होती. अडचण आणखी एक होती. हा एजंट म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या एका दिवंगत सहकाऱ्याचा मुलगा. लहानपणी तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पैसे गेले तर गेले, पण त्या मुलाला ‘तू लुबाडतोस’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे, हा त्यांना पडलेला पेच होता.

अशा वेळी मदत करणाऱ्याने दोन गोष्टी टाळाव्यात. आपल्या स्नेह्याला भोळा ठरवू नये आणि विकणाऱ्याला चोर ठरवू नये. विकणे हा गुन्हा नव्हे. दुकानात लुगडे घ्यायला गेले तर दुकानदार पैठणीही उलगडून दाखवतोच. पैठणी हवी की नको, हे आपण ठरवायचे असते. म्हणून आम्ही कोरा कागद घेतला, त्यावर तीन रकाने आखले आणि पत्रकातील एकेक बाब त्यांत घातली: गरजेची, सोयीची आणि मिरवण्याची. निम्मा गुंता तेथेच सुटला.

प्रथम दिवसांचा हिशेब. हरिद्वारहून निघून यमुनोत्री, गंगोत्री, केदार आणि बदरी करून परतायचे तर बाराशे किलोमीटरहून अधिक डोंगरी रस्ता होतो. उत्तरकाशीहून गुप्तकाशी गाठण्यातच सबंध दिवस जातो. रात्री त्या रस्त्यांवर वाहने चालविण्यास बंदी असते. यमुनोत्रीला जानकीचट्टीपासून पाच-सहा किलोमीटरची चढण आहे. केदारला गौरीकुंडापासून सुमारे सोळा किलोमीटर. जून २०१३ च्या प्रलयात रामबाड्याची जुनी वाट वाहून गेल्यावर हे अंतर वाढले आहे. हे सारे आठ दिवसांत, आणि वर तुंगनाथ? तुंगनाथ तर केदारनाथाहूनही उंच आहे. औलीचे म्हणावे तर जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली तेव्हा तेथील रज्जुमार्ग बंद ठेवण्यात आला होता; तो आपल्या तारखांना चालू असेल काय, एवढे तरी पैसे भरण्यापूर्वी विचारायला हवे. पत्रकावरील नावे जितकी वाढतात, तितका देवळातला वेळ घटतो आणि गाडीतला वाढतो.

दुसरी बाब कपाटोद्घाटनाची. गंगोत्री आणि यमुनोत्रीची कपाटे परंपरेने अक्षय्य तृतीयेला उघडतात. परंतु केदारनाथची तिथी महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होते, आणि बदरीनाथची वसंतपंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात. मग पौषात छापलेल्या पत्रकात ‘खात्रीचे’ दर्शन आले कोठून? यात लबाडीच असेल असे नाही. मागील वर्षाचेच पत्रक पुन्हा छापलेले असू शकते. परंतु ‘खात्री’ हा शब्द कोणी वापरला की ती कोणाच्या अधिकारातली आहे, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

तिसरी बाब हेलिकॉप्टरची. फाटा, सिरसी आणि गुप्तकाशीहून केदारला जाणाऱ्या हेलिकॉप्टरांची तिकिटे २०२३ पासून आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर मिळू लागली. तिकिटासाठी आधी उत्तराखंड पर्यटन विभागाकडे यात्रेची नोंदणी झालेली लागते. २०२५ च्या हंगामात फाट्याहून जाण्यायेण्याचे भाडे माणशी ६,००० रुपयांच्या आसपास होते. पत्रकात ते १७,००० होते. शिवाय विक्री सुरू होण्यापूर्वीच ‘पक्के’ तिकीट कोणी देऊ शकत नाही. आणि पक्के तिकीट हाती असले तरी ढग उतरले की उड्डाण थांबते, थांबलेच पाहिजे. १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडाजवळ कोसळलेल्या हेलिकॉप्टरमध्ये सात जण दगावले, हे विसरून चालणार नाही.

पूजेचेही तसेच. बदरी-केदार मंदिर समिती पूजांचे दर स्वतः जाहीर करते आणि नोंदणीही स्वीकारते. घोडा, डोली, कंडी यांचे दर तेथील प्रशासन ठरवून देते. जे काम आपल्या हातून सरळ होते त्यासाठी मध्यस्थाला थोडी मजुरी देण्यास हरकत नाही. पण मूळ दर किती आणि मजुरी किती, हे वेगवेगळे लिहून मागावे.

राहिला तो आरोग्य-संच, आणि खरी गोष्ट तेथेच होती. आम्ही सहज विचारले, “वहिनी, जिना चढताना दम लागतो का?” त्या काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “दुसऱ्या मजल्यावर वाळवण घालायला जाते तेव्हा मध्ये बसावे लागते. यांना सांगितले नाही. सांगितले असते तर यात्राच राहिली असती.” आमचे स्नेही त्यांच्याकडे पाहतच राहिले. केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे. आपले इंदूर साडेपाचशेच्या आसपास. त्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. हेलिकॉप्टर काही मिनिटांत तेथे नेऊन सोडते. शरीराला सवय होण्यास अवधीच मिळत नाही. चार हजारांची नळी काही मिनिटांचा दिलासा देईल, पण हृदयाची परीक्षा ती करू शकत नाही. ती परीक्षा डॉक्टरांकडे, आणि पैसे भरण्यापूर्वी करायची असते.

तपासणी झाली. डॉक्टरांनी यमुनोत्रीची चढण आणि केदारनाथ यंदा करू नये असे स्पष्ट सांगितले. औषधे आणि पुरेशी विश्रांती ठेवून गंगोत्री व बदरीनाथला जाण्यास मात्र परवानगी दिली. या दोन्ही ठिकाणी मोटार जवळपर्यंत जाते.

मग त्या मुलाला घरी चहाला बोलावले. आमच्या स्नेह्यांनी पत्रकाचा विषयच काढला नाही. ते म्हणाले, “बाळ, तुझ्या काकूंना दम लागतो. तुझी स्वतःची आई असती तर तू तिला कसे नेले असतेस, ते सांग.” मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग त्याने खिशातले पेन काढले आणि त्याच पत्रकाच्या पाठीमागे लिहू लागला. दहा दिवस. गंगोत्री आणि बदरी. दोन्हींच्या मध्ये उखीमठाला मुक्काम. “काका, केदारनाथाची गादी हिवाळ्यात उखीमठालाच असते. उन्हाळ्यात उत्सवमूर्ती वर असते, हे खरे. पण ओंकारेश्वराचे देऊळ उघडे असते आणि काकूंना चढावे लागणार नाही.” स्वतंत्र मोटारीसाठी त्याने अधिक पैसे मागितले. आमचे स्नेही ते कमी करू पाहत होते, पण आम्ही म्हटले, हे द्यावेत. वीस जणांच्या गाडीत वहिनींना हवे तेथे थांबता आले नसते. महाग ते सगळेच फसवे नसते. अखेर १,६८,००० चे ९४,००० झाले.

त्या मुलाला हे सारे आधीही ठाऊक होतेच. त्याला कोणी विचारले नव्हते, आणि मालकाने जे छापून दिले ते तो विकत होता. योग्य प्रश्न केला की पुष्कळ विक्रेत्यांतला जाणकार जागा होतो. तो झाला नाही, तर उठून यावे हे बरे.

परंतु ओळख कितीही जुनी असली तरी कागद हवाच. मुक्काम कोणत्या गावी आणि कोणत्या निवासात, गाडी कोणती, जेवण किती वेळा, काय समाविष्ट आणि काय नाही, हे सारे लेखी असावे. रस्ता बंद झाला वा प्रकृती बिघडली तर किती पैसे परत आणि किती दिवसांत, तेही लिहून घ्यावे. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या वाटेवरील धराली गावावर लोंढा आला, हे ध्यानी धरून पावसाळ्यातील स्वस्त सहलीपासून दूर राहावे. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी आणि प्रत्येक टप्प्याची पावती घ्यावी. ‘आज भरा, उद्या दर वाढेल’ असे कोणी म्हटले तर त्या दिवशी भरू नये. कबूल केलेले मिळाले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा सल्लाही मिळतो. जवळ लेखी काही नसेल, तर मात्र दाद मागणे कठीण होऊन बसते.

आणि साहाय्य करणाऱ्यासाठी एक शेवटची गोष्ट. हिशेब मांडून द्यावा, निर्णय मात्र ज्याचा त्याला घेऊ द्यावा. केदार सोडण्याचा निर्णय वहिनींचा होता. तो आम्ही घेतला असता, तर आयुष्यभर त्यांच्या मनात सल राहिला असता. डॉक्टरांचा कागद वाचून झाल्यावर त्या बराच वेळ खिडकीपाशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “देव वर बसला आहे, तो कुठे जात नाही. त्याला बोलवायचे असेल तेव्हा बोलवील.” एवढे बोलून त्यांनी लोकरीच्या मोज्यांचे टाके मोजायला घेतले. सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरल्यावर, दोघे निघतील.

आपल्या वाचकांच्या घरीही या दिवसांत अशी पत्रके येत असतील. त्यांतले रंग पाहावेत, दर पाहावेत. पण त्याआधी आपल्या सोबत येणाऱ्या माणसाला जिना चढताना दम लागतो काय, ते जवळ बसून विचारावे. पत्रकात हा प्रश्न कोठेही छापलेला नसतो.