विंचवाचे विष आणि वहीतील नोंद

वैज्ञानिक म्हटला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे मोठे शहर, भव्य प्रयोगशाळा आणि मौल्यवान उपकरणे उभी राहतात. आपल्या बेला गावासारख्या ठिकाणी राहून विज्ञानाची सेवा कशी घडावी, असे त्यांस वाटणे स्वाभाविक आहे. ह्या शंकेचे उत्तर डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांच्या चरित्रात मिळते.

जालना जिल्ह्यातील देहेड ह्या खेड्यात १९५१ साली एका गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मिळेल ते काम करीत त्यांनी शिक्षण घेतले. नागपुरास वैद्यकाची पदवी मिळवून १९७६ साली ते कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत असत. खात्रीचा उपाय उपलब्ध नव्हता.

बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून घाम, वांत्या, थंड पडलेले हातपाय, नाडी आणि रक्तदाब ह्यांच्या नोंदी केल्या. त्यांतून रोगाचा क्रम उलगडला. विषामुळे शरीरातीलच उत्तेजक द्रव्ये भरमसाट स्रवतात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर भार पडतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. ही लक्षणे त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात नियतकालिकात मांडली. पुढे रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी त्यांनी योजिली व १९८६ साली तिचा अनुभव तेथेच प्रसिद्ध केला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण एक-दोनांवर आले. पत्नी डॉ. प्रमोदिनी ह्यांचीही त्यांस संशोधनात साथ लाभली. २०२२ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

ह्या यशाचे मूळ साध्या निरीक्षणात आहे, आणि नेमके तेच आपल्या शाळांतून हरवत चालले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रयोगवहीतील निष्कर्ष शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणाऱ्या विद्यार्थ्यास गुण मिळतील, दृष्टी मिळणार नाही.

दृष्टी नसली म्हणजे काय होते, हे मांत्रिकाच्या दारी दिसते. बहुतेक विंचूदंशांत केवळ वेदना होतात व त्या काही काळाने आपोआप शमतात. श्रेय मात्र मंत्राला जाते. मग ज्याच्या अंगात विष भिनले आहे, असा एखादा बालकही तेथेच नेला जातो आणि मोलाचा वेळ निघून जातो. बरे झालेले आणि दगावलेले, दोहोंची नोंद कोणी ठेवली असती, तर हा भ्रम कधीच फिटला असता.

आपला मुलूख कापसाचा आहे. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. विषाचा प्रश्न आपल्या बांधापर्यंत आला आहे. कोणते औषध फवारले, किती वेळाने काय होऊ लागले, एवढे जरी घरातील शिकलेल्या मुलाने टिपून ठेवले आणि औषधाचा डबा रुग्णासोबत दवाखान्यात नेला, तरी डॉक्टरांस उपचाराची दिशा मिळेल.

विद्यार्थिमित्रहो, मोठी प्रयोगशाळा आपल्या गावी केव्हा येईल ते सांगता येत नाही. वही आणि पेन्सिल मात्र आजच तुमच्या हाती आहे. जे दिसेल ते पाहा, जसे दिसेल तसेच लिहा.