एका पाद्र्याची रोजकीर्द

संगणक येण्यापूर्वी मार्चअखेरीच्या रात्री आम्ही बँकेत खतावण्या जुळवीत बसत असू. पाच रुपये वीस पैशांचा फरक पहाटेपर्यंत सापडला नाही, की साहेब चष्मा काढून म्हणत, ‘टाका सस्पेन्सला.’ ज्या रकमेला घर सापडत नाही, तिच्यासाठी केलेली ती धर्मशाळाच. सतराव्या शतकातल्या राल्फ जोसलिन नावाच्या इंग्रज पाद्र्याची रोजनिशी वाचताना मला वारंवार वाटत राहिले, की या माणसाजवळ असे एक खाते हवे होते.

जोसलिन १६१७ साली एसेक्स परगण्यात जन्मला. केंब्रिजला शिकला आणि १६४१पासून १६८३मध्ये मरेपर्यंत अर्ल्स कोन या एकाच गावाचा धर्मगुरू राहिला. जोडीला शाळामास्तरकी होती, शेती होती. जमिनीची भूकही होती. इंग्लंडात तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्या सुमारास हे गृहस्थ आपल्या मिळकतीचा आणि देण्या-घेण्याचा हिशेब मांडून बसत. मार्चअखेर त्यांनाही चुकली नव्हती! हयातीत त्यांच्या नावावर छापले गेले ते १६५२ सालचे मृत्युप्रसंगीचे एक प्रवचन. आज ते कोणी वाचत नाही, आणि त्यात वाचकांची फारशी चूक नसावी. जगली ती रोजनिशी. १९०८ साली ती काटछाट करून निघाली आणि १९७६मध्ये संपूर्ण छापली गेली. संपादक अ‍ॅलन मॅकफार्लेन, जन्म शिलाँगचा, पेशाने मानववंशशास्त्रज्ञ. १९०८च्या संपादकाला ज्या नोंदी कंटाळवाण्या वाटल्या, त्यांतच त्यांना एक अख्खा संसार दिसला.

या रोजनिशीत दैवाला चिल्लर रक्कमही वर्ज्य नाही. १६४४ साली जोसलिनच्या नाकावर मधमाशी डसली. त्याने काटा उपटला, वर मध चोळला, चेहरा सुजला नाही. त्याने लगेच नोंद केली, की ईश्वराची कृपा इतक्या क्षुल्लक गोष्टीपर्यंत पोचते. वाचताना आपल्याला हसू येते. पण जमेच्या बाजूला मधमाशी लिहिली, की नावेच्या बाजूलाही कारण लिहावे लागते. फेब्रुवारी १६४८मध्ये त्याचा राल्फ नावाचा मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला. बाप कारण शोधू लागला, आणि त्याला सापडलेल्या कारणांत मनातले फोल विचार होते, तसेच अवेळी बुद्धिबळ खेळणेही होते. बुद्धिबळ! दहा दिवसांचे मूल आणि पटावरची प्यादी एका ओळीत मांडणारा हा बाप क्रूर नव्हता. सस्पेन्सला काही ठेवायचे नाही, असा त्याच्या धर्माचा दंडक होता. प्रत्येक रकमेला शीर्षक हवे, आणि दुसरे सापडले नाही तर स्वतःचे पाप होतेच.

बाहेरचे जगही थोडेथोडके हललेले नव्हते. तो पार्लमेंटच्या बाजूचा, पण १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाल्यावर त्याला रडू आवरले नाही. १६६२च्या कायद्याने शेकडो धर्मगुरूंनी गावे सोडली. हा मात्र सक्तीचा पांढरा झगा अंगावर घालायचे वर्षानुवर्षे टाळत जागेवर टिकला. नोकरीत उभा जन्म काढलेल्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

या रोजनिशीवरून इतिहासकारांत एक वाद आहे. लॉरेन्स स्टोन यांनी १९७७च्या आपल्या ग्रंथात मांडले, की मुले इतकी मरत, की त्या काळचे आईबाप त्यांच्यात जीव फारसा गुंतवीतच नसत. ही गोष्ट आपल्याकडेही घरोघर ऐकू येते : ‘तेव्हा दहा व्हायची, पाच जायची, कोणाला काही वाटत नसे.’ माझ्या आजीला नऊ मुले झाली, पाच जगली. १९७१च्या शिरगणतीला कारकुनाने मुले किती म्हणून विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘नऊ.’ वडिलांनी दुरुस्ती केली, ‘पाच लिहा.’ आजीने पुढे वाद घातला नाही. पण तिने आपला आकडाही बदलला नाही.

स्टोन यांचे सगळेच चुकले असे नाही. दहा दिवसांचा राल्फ गेला तेव्हा, या सर्वांत लहान मुलाचा आपल्याला अजून तितका लळा लागला नव्हता, हेही जोसलिनने सवलतीसारखे लिहून ठेवले आहे. पण मग १६५०चा मे महिना येतो. आठ वर्षांची मेरी आजारी पडते. दिवसामागून दिवस नोंदी येतात, आणि २७ मे रोजी ती जाते. इथे हा हिशेबनीस आपले पाप धुंडाळीत बसत नाही, मुलीचे गुण लिहीत सुटतो : समंजस, पोक्त, अभ्यासात तल्लख, मायाळू. देवाला द्यायला आपल्याजवळ अशी भेट होती, याबद्दल तो देवाचेच आभार मानतो. गावातल्या प्रतिष्ठित बायकांनी तिला हातांवर उचलून थडग्यापर्यंत नेले. तिच्या ओठांचे शेवटचे चुंबन बापाने घेतले आणि देह जपून ठेवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तेरा महिन्यांचा दुसरा राल्फही गेला. पहिल्या राल्फचे नाव त्याला दिले होते.

ज्याला काही वाटत नाही, तो इतके लिहीत नाही.

दहांपैकी पाच मुले जोसलिनच्या डोळ्यांदेखत गेली. थोरला थॉमस आणि मुलगी अ‍ॅन ही दोन वाढलेली मुले १६७३च्या एकाच उन्हाळ्यात गेली. मागे वारस म्हणून उरला जॉन : दारू पिणारा, उलट उत्तर देणारा. १६७६मध्ये बापाने त्याला सर्वांसमक्ष सुनावले, की तू माझा मुलगा नाहीस. घर सोडून कुठे नीट चाकरी केलीस तर वर्षाला दहा पौंड देईन, आणि देवाचा झालास तर पुन्हा माझा म्हणेन. पुढे या पोराने बापाला न कळवताच लग्न केले. आमच्या बँकेत असे खाते केव्हाच बुडीत टाकले असते.

१६८३ साली जोसलिन वारला, तेव्हा त्याच्या इस्टेटीतला मोठा वाटा जॉनलाच मिळाला.